सांदीतली नाली : कोणाच्या वाट्याला किती?

हवामान खात्याच्या मापात २४ तासांत ६४.५ मिलिमीटर पाऊस झाला की त्याला जोरदार पाऊस म्हणतात. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे असा दिवस इथे नवलाचा नाही. १,००० चौरस फुटांच्या, म्हणजे ९३ चौरस मीटरच्या छपरावर अशा एका दिवसात ६,००० लिटर पाणी पडते. त्याच घरातल्या पाच माणसांच्या आंघोळीचे, भांड्यांचे, कपड्यांचे सांडपाणी किती? जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे पाच जणांचे २७५. त्यातले ७० टक्के मोरीतून बाहेर पडते असे धरले तर १९० लिटर. एकीकडे ६,०००, दुसरीकडे १९०. फरक एकतीस पटींचा.

आता दोन घरांच्या सांदीतून जाणारी नाली फुटते तेव्हा भांडण कशावरून होते ते आठवा. तुमच्या घरी माणसे जास्त. तुमच्याकडे दोन भाडेकरू. तुमची मशीन रोज चालते. सगळा वाद त्या १९० लिटरवर. ६,००० लिटरचे नाव कोणी काढत नाही, कारण पाऊस कोणाच्या घरचा नसतो. छप्पर मात्र असते.

नालीचा आकार, तिचा उतार आणि तिची दुरुस्ती यांचा हिशेब म्हणूनच माणसे मोजून सुरू करू नये. छपरे मोजून करावा.

एक साधी मांडणी घेऊ. आकडे हिशेबापुरते मानलेले आहेत, पण अशी ओळ भंडारा, तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या जुन्या वस्तीत कुठेही सापडेल. चार घरे एकामागे एक. सगळ्यांत मागचे, उंचावरचे घर ‘अ’, मग ‘ब’, मग ‘क’, आणि रस्त्याला लागून ‘ड’. चारही घरांचे पाणी एकाच सहा इंची पाइपातून ४० मीटर वाहत सार्वजनिक नालीला मिळते. सहा इंची पाइपाला १०० ला १ असा उतार असावा असा रिवाज आहे, म्हणजे ४० मीटरला ४० सेंटिमीटर.

हा पाइप स्वच्छ असेल तर भरून वाहताना सेकंदाला साधारण १५ लिटर पाणी नेतो. मिनिटाला १ मिलिमीटर अशी सर आली तर १,००० चौरस फुटांच्या चार छपरांवरून सेकंदाला ६.२ लिटर पाणी येते. म्हणजे पाइप पुरून उरतो. पण त्यात निम्म्यापर्यंत गाळ बसला तर? निम्मी जागा गेली म्हणजे निम्मे पाणी जाईल असे वाटते. तसे होत नाही. जागा कमी होते, शिवाय पाणी गाळाला घासत हळू वाहते, आणि १५ चे थेट साडेपाचावर येते. एक तृतीयांशाच्या जरा वर. सर ६.२ ची, पाइप साडेपाचचा. उरलेले पाणी मागे फिरते आणि मोरीच्या तोंडातून घरात येते. गाळ अर्ध्यावर येईपर्यंत कोणाला काही कळत नाही आणि अर्ध्यावर आला की पहिल्या मोठ्या सरीला कळते, हे त्यामुळेच.

गाळ कुठून येतो, तेही बघण्यासारखे आहे. भांडी घासायची राख, तांदूळ धुतलेल्या पाण्याबरोबर जाणारा कोंडा, गोठा धुतल्यावर निघणारे शेण आणि तणसाच्या काड्या, अंगणातली माती, वर पन्नी. छपराचे पाणी ओझे वाढवते, पण ते बहुधा स्वच्छ असते. नाली तुंबवतो तो गाळ, आणि तो बराचसा या १९० लिटरबरोबर येतो. म्हणून माणसे मोजणारे शेजारी अगदीच चूक नसतात. त्यांनी चुकीच्या खर्चाला चुकीचे माप लावलेले असते. साफसफाईचा खर्च गाळावर वाटावा, बांधकामाचा आणि पाइप बदलण्याचा पाण्यावर. ज्याच्या घरी गोठा आहे त्याने आपल्या तोंडाशी जाळी आणि गाळ बसायला एक चेंबर स्वखर्चाने बांधावे, हे माझ्या मते वाटाघाटीचे पहिले कलम असायला हवे.

आता पैसे. समजा सगळी ४० मीटरची नाली नव्याने करायला २४,००० रुपये लागले. गावात ठरलेले उत्तर एकच : चार घरे, चार वाटे, प्रत्येकी ६,०००. ऐकायला न्याय्य. पण ‘ड’चे पाणी फक्त शेवटचे १० मीटर वाहते. पहिल्या ३० मीटरशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्याकडून ६,००० मागितले की तो नाही म्हणतो, आणि गल्लीत तो आडमुठा ठरतो.

दुसरा हिशेब असा. नालीचे १०-१० मीटरचे चार टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याचा खर्च ६,०००. ज्या टप्प्यातून ज्यांचे पाणी जाते तेवढ्यांनीच तो वाटून घ्यायचा. पहिला टप्पा एकट्या ‘अ’चा, ६,०००. दुसरा ‘अ’ आणि ‘ब’चा, प्रत्येकी ३,०००. तिसरा तिघांचा, प्रत्येकी २,०००. चौथा चौघांचा, प्रत्येकी १,५००. बेरीज अशी येते :

‘अ’ १२,५०० रुपये
‘ब’ ६,५०० रुपये
‘क’ ३,५०० रुपये
‘ड’ १,५०० रुपये

एकूण २४,०००. सारख्या वाटणीत ‘अ’ आणि ‘ड’ दोघेही ६,००० देत होते. इथे एकाचा वाटा दुपटीहून वर गेला आणि दुसऱ्याचा चौथ्या हिश्शावर आला. याच नियमाने फुटलेल्या जागेप्रमाणेही उत्तर बदलते. पाइप ‘अ’च्या अंगणात फुटला तर ६,००० एकट्या ‘अ’चे. रस्त्याजवळ, ‘ड’च्या दारात फुटला तर प्रत्येकी १,५००. सारखी वाटणी बरोबर ठरते ती फक्त या शेवटच्या जागी. आणि गंमत म्हणजे नेमक्या याच जागी लोक ‘ड’ला म्हणतात, तुझ्या दारात फुटली, तूच कर.

छपरे सारखी नसतील तर प्रत्येक टप्पा छपराच्या प्रमाणात वाटता येतो. ‘अ’ आणि ‘ब’चे १,००० चौरस फूट, ‘क’चे ५००, ‘ड’चे १,५०० धरले तर वाटे होतात १२,९००, ६,९००, १,९५० आणि २,२५०. छोट्या घराचा भार निम्म्याजवळ आला, रस्त्यावरच्या मोठ्या घराचा दीडपट झाला. कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात होणारा हा हिशेब आहे.

हा हिशेब नवा नाही. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने १९५३ मध्ये एकत्र येऊन काम करणाऱ्यांत फायदा-तोटा कसा वाटावा याचे सूत्र मांडले. १९७३ मध्ये लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी दाखवले की विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान-मोठ्या विमानांत वाटायचा झाला तर त्या अवघड सूत्राचे उत्तर अगदी सोपे होते : पट्टीचा जो तुकडा जे वापरतात त्यांनी तो सारखा वाटून घ्यावा. आपल्या चार घरांचा हिशेब हाच आहे. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

कायदा काय म्हणतो? नालीच्या भांडणाला लागू पडणारा मुख्य कायदा १८८२ चा आहे, इंडियन ईझमेंट्स ॲक्ट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा. भंडाऱ्याला तो १ जुलै १८८२ पासून लागू आहे. तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता आणि या कायद्याच्या पहिल्या यादीत मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग एवढेच होते. मुंबई इलाख्याला, म्हणजे पुण्या-साताऱ्याला, तो १८९१ मध्ये लावला गेला. शेजाऱ्याशी कायद्याने भांडण्यात भंडारेकर पुणेकरांच्या नऊ वर्षे पुढे होते म्हणायला हरकत नाही.

या कायद्यातली चार कलमे ओळीने वाचली की बरेच वाद जागीच मिटतात. कलम २४ : ज्याला दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याचा हक्क आहे, त्याला तिथे जाऊन खोदून दुरुस्ती करण्याचाही हक्क आहे, पण खोदलेली जागा होती तशी करून द्यायची. कलम २५ : दुरुस्तीचा खर्च ज्याला हक्क आहे त्याचा. कलम २६ : त्याने दुरुस्ती केली नाही आणि त्यामुळे जमीनवाल्याचे नुकसान झाले तर भरपाईही त्याचीच. कलम २७ : जमीनवाल्याने स्वतः काही करण्याची गरज नाही, फक्त अडथळा आणायचा नाही.

म्हणजे ‘तुझ्या जागेतून जाते, तू दुरुस्त कर’ हे वाक्य १८८२ पासून चूक आहे. जागा ज्याची त्याचा खर्च नव्हे. पाणी ज्याचे त्याचा खर्च. ‘ड’ची जागा वापरली जाते पण त्याचे पाणी त्या नालीत जातच नसेल, तर त्याचा वाटा शून्य. चौघे वापरत असतील तर कोणी किती द्यायचे याचे प्रमाण मात्र कलम २५ सांगत नाही. ती जागा शेजाऱ्यांनी आपसात भरायची आहे, आणि वरचा टप्प्यांचा हिशेब तिथे बसतो.

हा हक्क मिळतो कसा? मुख्यतः लेखी करारातून, किंवा २० वर्षे उघडपणे, हक्काने, अडथळ्याविना वापर केल्याने. परवानगी मागून केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्यातून हक्क तयार होत नाही. आणि एक बारीक अट वकिलाकडे गेल्यावरच कळते : ही २० वर्षे दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. शेजाऱ्याने नाली बुजवली आणि तुम्ही ‘बघू, बघू’ करत तीन वर्षे काढली तर वीस वर्षांच्या वहिवाटीवर पाणी पडते.

शेतात नियम थोडा वेगळा. उंच जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी आपोआप खालच्या जमिनीत उतरू देणे हा वरच्या मालकाचा स्वाभाविक हक्क कलम ७ च्या उदाहरणांत दिला आहे. त्याला २० वर्षांची गरज नाही. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात पाणी बांधीतून बांधीत उतरते, आणि खालच्याने धुरा उंच केला की रोवणीच्या दिवसांत वरचे पऱ्हे सडते. अशा अडथळ्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते. मुदत सहा महिने. ती गेली की दिवाणी न्यायालय.

या जिल्ह्याला सामायिक पाण्याची जुनी सवय आहे. पूर्व विदर्भातले सहा हजारांवर मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदात मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात, ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. तलावाची पाळ आणि पाट सांभाळण्याची सोय मालगुजाराच्या अमलात ठरलेली होती, भले ती रयतेच्या घामावर चालत असो. तेव्हाच्या मध्य प्रदेशातला मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० चा. ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारचे झाले, पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे गेले. मालकी गेली तशी पाटातला गाळ काढायची पाळीही गेली. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्था आणल्या तेव्हा त्यांच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना सारख्या जागा दिल्या. वरच्याचे आणि खालच्याचे हित एक नसते हे तिथे कायद्यानेच मानले आहे. सांदीतल्या नालीला मात्र असे कोणी मानत नाही.

सरकारी पैसा या नालीपर्यंत का पोचत नाही, हेही आकड्यांत दिसते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये अशी मर्यादा ठेवली. २,००० वस्तीच्या गावाला ५ लाख ६० हजार. त्यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. पाच माणसांचे घर धरले तर घरामागे १,४०० रुपये, तेही एकदाच. एवढ्यात रस्त्याकडेची मुख्य नाली आणि शेवटचा शोषखड्डा झाला तरी खूप. शिवाय सार्वजनिक नाली हे ग्रामपंचायतीचे किंवा नगरपरिषदेचे काम. दोन खासगी घरांमधल्या सांदीत तो पैसा घालता येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातली १८.१ टक्के घरे बंद गटाराला, ३३ टक्के उघड्या गटाराला जोडलेली होती आणि ४८.९ टक्के घरांना गटारच नव्हते. त्याच जनगणनेत भंडारा जिल्ह्याच्या १२ लाख ३३४ लोकांपैकी पाचात चार खेड्यात राहत होते. त्या सर्वांना ५५ लिटर मिळाले तर रोज सुमारे ३ कोटी ७० लाख लिटर सांडपाणी गावांतून निघेल. नळ आधी आला. नालीचे बघू, असा आपला क्रम आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हा प्रश्न एका दिवसात बदलला. १ ऑक्टोबर २०११ रोजी शेजाऱ्यांच्या सामायिक खासगी गटारवाहिन्या पाणी कंपन्यांकडे देण्यात आल्या आणि त्यांची दुरुस्ती सर्वांच्या बिलात गेली. आपल्याकडे तसे काही होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

नांदेड जिल्ह्यात घराघरांत शोषखड्डे खोदून नाल्याच बंद करण्याचा प्रयोग गाजला. भंडाऱ्यात तो जपून करावा. इथली खर्डी-बरडी हलकी जमीन पाणी पिते, पण कन्हारासारखी भारी, धानाची माती पाणी धरून ठेवते. म्हणून तर तिथे धान होते. अशा मातीतला खड्डा श्रावणात वरपर्यंत भरलेला असणार. शोषखड्डा खोदण्याआधी छोट्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जिरते ते बघायला पैसे पडत नाहीत.

तुंबलेल्या नालीचा एक खर्च कोणाच्याच वाट्यात धरला जात नाही. भंडारा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला जिल्हा आहे. रोग हटवण्यासाठी सर्वांना गोळ्या खाऊ घालण्याच्या मोहिमा इथे होत आल्या आहेत. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास साचलेल्या घाण पाण्यात वाढतो आणि उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणून नाली आठवड्यातून एकदा वाहती करायची. ‘अ’ने दुरुस्तीला पैसे दिले नाहीत तरी डास ‘ब’, ‘क’, ‘ड’ असा भेद करत नाही. बाकी तिघांनी त्याचा वाटा तात्पुरता भरून काम उरकावे आणि पावती जपून ठेवावी, हे मला भांडत बसण्यापेक्षा स्वस्त वाटते.

रस्त्याची एक बाजू राहिली. गावातला सिमेंट रस्ता बहुतेक वेळा जुन्यावरच चढवतात. १५ सेंटिमीटरचा थर चढला आणि त्याबरोबर कडेची नाली उचलली गेली की आपल्या ४० सेंटिमीटर उतारातले २५ उरतात. १०० ला १ चा उतार १६० ला १ होतो, पाण्याचा वेग पाचव्या हिश्शाने घटतो, गाळ बसू लागतो. मग चार शेजारी आपसात भांडतात, दोष रस्त्याच्या अंदाजपत्रकात असतो. रस्त्याचे काम मंजूर होत असताना ग्रामसभेत नालीची पातळी लिहून घ्या. नंतर केलेल्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

शौचालयाच्या टाकीचा निघाव कोणी गुपचूप या नालीत सोडला असेल तर वाटणीचा प्रश्नच उरत नाही. तो आधी बंद व्हायला हवा. आणि टाकी उपसायला शेजाऱ्यांनी मिळून माणूस संरक्षक साधनांविना आत उतरवला तर हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे : पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा कामात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सरकारांना सांगितले. उपसा यंत्रानेच करायचा.

एवढे करूनही जुळले नाही तर? २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समिती गावात अजून बसत असेल तर तिथे जा. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत जाता येते. तिथे न्यायालय शुल्क लागत नाही, आधी भरलेले परत मिळते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना वकीलही मोफत मिळतो. २४,००० च्या नालीसाठी दिवाणी दाव्यात वर्षे घालवणे परवडत नाही.

मृगाआधी एक रविवार काढा. नालीची लांबी टेपने मोजा, प्रत्येकाचे पाणी कुठे मिळते तिथे खूण करा, छपरे मोजा. कोणता टप्पा कोणाचा, साफसफाई कोणत्या आठवड्यात कोणाची, फुटल्यास किती दिवसांत दुरुस्ती आणि पैसे कोणाकडे जमा, हे एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. नाली परवानगीने जाते की हक्काने, हेही त्यातच लिहा. घर विकले गेले तर नव्या मालकाला तो कागद दाखवा.